अडतिसाव्या वर्षी बर्कली? वय राहू द्या, आधी ट्रान्सक्रिप्ट दाखवा

"मॅडम, मी ३८ ची, कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात शिकतेय, बर्कली मला कशाला घेईल, आणि घेतलंच तर त्या विशीतल्या पोरांत बसून हसं नाही का व्हायचं?" बे एरियातल्या आपल्या बायका मला हे सारखं विचारतात. त्यातल्याच एकीचं सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

सांगलीकडची, एफवाय बीकॉमला दोन विषय राहिले तेवढ्यात लग्न, मग सनीवेल, दोन मुलं, घरगुती डब्यांचा धंदा. मुलं जरा सुटी झाल्यावर डी ॲन्झा या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं, रहिवाशांना युनिटला ३१ डॉलर फी म्हणून घरात कोणी फार कुरकुरलं नाही. कम्युनिटी कॉलेज म्हटलं की आपली माणसं नाक मुरडतात, पण युसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, बर्कली तिचाच एक कॅम्पस) ट्रान्सफरने येणारे बहुतेक तिथूनच येतात, एसएटी परीक्षेची भानगड नाही, थेट थर्ड इयरला.

बाई वयावरच बोलत होती. म्हटलं ट्रान्सक्रिप्ट दाखव. सायकॉलॉजी ए, इंग्लिश ए, आर्ट हिस्ट्री ए, मॅथ्सचं नावच नाही, आणि मेजर, म्हणजे मुख्य विषय, काय तर इकॉनॉमिक्स! असिस्ट डॉट ऑर्गवर डी ॲन्झाचा कुठला कोर्स बर्कलीत कशाला धरतात ते दिसतं, ते उघडून दोघींनी एकेक ओळ वाचली, कॅल्क्युलस आलं तशी ती गप्पच झाली. वयाचं एवढं का चाललं होतं ते मला तिथे कळलं.

दुसरं म्हणजे सांगलीचं ते वर्ष. फॉर्मवर ते लिहायचंच नाही असं हिने ठरवलेलं. अगं बाई, कॉलेज परदेशातलं असो नाहीतर नापास झालेलं, सगळं दाखवावं लागतं, लपवलेलं कळलं तर मिळालेली ॲडमिशन जाऊ शकते. शेवटी भावाने कॉलेजात खेटे घालून मार्कशीट काढली.

कॅल्क्युलसला पहिल्या मिडटर्मला सी, मग डबे पोचवून रोज ट्युटरिंगला जाऊन बसायची, शेवटी बी आला. टॅग म्हणजे ॲडमिशनची आधीच मिळणारी हमी; बर्कली ती देत नाही, म्हणून सप्टेंबरात युसीच्याच सांताक्रूझ कॅम्पसची टॅग भरून ठेवली आणि बर्कलीचा साधा अर्ज नोव्हेंबरात. अर्जातल्या प्रश्नाच्या साडेतीनशे शब्दांच्या उत्तरात आधी "लहानपणापासून शिक्षणाची आवड" वगैरे लिहिलेलं, ते मी सरळ काढायला लावलं. कांदा महागला तेव्हा डब्याचा दर वाढवायचा की भाजी बदलायची हे ती वहीत मांडायची, कुठली गिऱ्हाइकं सुटली तेसुद्धा, तेच लिही म्हटलं.

एप्रिलअखेर बर्कलीचं हो आलं. (सगळ्यांचं येत नाही हो, म्हणून तर टॅग.) आता मिलपिटासला गाडी लावते, बार्ट रेल्वेची ऑरेंज लाइन थेट डाउनटाउन बर्कलीला जाते, मध्ये बदलायला लागत नाही. वर्गातली पोरं नोट्स मागतात म्हणे, आणि परवा एकाने डबा मिळेल का विचारलं.