ओळीच्या टोकाला काय लपलंय?

प्रश्न : देवगडला आमची हापूसची बाग आहे. गिऱ्हाइकांची यादी मी विंडोजवर लिहितो, पुतण्याची लिनक्सवरची (विंडोजसारखीच दुसरी संगणक-प्रणाली) स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, त्यातून पेट्यांच्या चिठ्ठ्या काढते. ओळीतला शेवटचा शब्द ‘पायरी’ असला तरी ती ‘जुळत नाही’ म्हणते. दिसायला सगळं बरोबर आहे.

उत्तर : दादा, तुमच्या ‘पायरी’ला न दिसणारं शेपूट आहे. विंडोज ओळ संपवताना १३ आणि १० या क्रमांकांच्या, न दिसणाऱ्या दोन खुणा ठेवतं. जुन्या टेलिप्रिंटरवर एकीनं गाडा डावीकडे यायचा, दुसरीनं कागद वर सरकायचा; तीच ही जोडी. लिनक्सला एकटी १० पुरते, म्हणून १३ शब्दालाच चिकटून राहते.

पुतण्याला सांगा, पायथन या प्रोग्रामिंग भाषेत फाइल मजकूर म्हणून उघडायची. वाचताना १३-१० ची जोडी, नुसती १० किंवा नुसती १३ अशा तिन्ही पद्धतींची टोकं आपोआप एकसारखी होतात. लिहिताना ‘न्यूलाइन’ या पर्यायाला फक्त १० द्यायची. उलट, विंडोजसाठी करताना आधी सगळं १० वर आणावं; नाहीतर आधीच जोडी असलेल्या ओळींत १३ दोनदा पडते.

आपल्या मराठीसाठी एक गोष्ट मी कळकळीनं सांगते. फाइल यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीतच ठेवा. तिथे देवनागरीच्या एकाही बाइटची (अक्षर ज्या आकड्यांत साठवतात त्यातल्या एकाची) किंमत १२८ च्या खाली नसते, त्यामुळे अक्षरांना धक्का लागत नाही. यूटीएफ-१६ मध्ये मात्र ‘ऊ’च्या पोटातच १० असतो. बाइट मोजून बदल करणारी स्क्रिप्ट तिथे ‘ऊस’, ‘ऊन’ सगळं फोडून टाकते.

आणि मूळ यादीची प्रत आधी काढून ठेवा. पेट्या निघायच्या दिवशी यादी पुन्हा लिहायला वेळ कुठला!