दिव्याखालची भिवापुरी मिरची
नागपूर जिल्ह्यातील भिवापूरची ही मिरची खोलीत दिव्याखाली वाढवण्याचा तुमचा विचार चांगला आहे. मात्र माती, खत आणि प्रकाश एकाच वेळी बदलू नका, नाहीतर फरक कशामुळे पडला हे कळणार नाही. एक कुंडी जुन्याच पद्धतीची ठेवून तिच्याशी बाकीच्या ताडून पाहाव्यात. आपल्याकडची काळी माती शेतात उत्तम असली, तरी कुंडीत ती वाळली की आक्रसून कडेपासून सुटते आणि पाणी मुळांना न भिजवता त्या फटीतून सरळ खाली निघून जाते. म्हणून तिचे प्रमाण कमी ठेवून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत मिसळावे. १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद व पालाश समप्रमाणात असलेले विद्राव्य खत लिटरभर पाण्यात १ ग्रॅमपेक्षा अधिक घालू नये. पानांची टोके करपू लागल्यास काही दिवस नुसते पाणी द्यावे. साधा पांढरा एलईडी पुरतो, रोपांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या जांभळ्या दिव्यांचा सोस मला अनाठायी वाटतो. दिवा टायमर लावून रोज १४ ते १६ तास चालवावा आणि रोप लांबुळके होऊ लागले तर थोडा खाली आणावा. मे महिन्यात, उष्णतेने फुले गळतात म्हणून, दिव्याचे बहुतेक तास रात्रीचे ठेवावेत. कूलरचा दमट झोत मात्र थेट रोपांवर येऊ देऊ नये.