स्वतः लिहून फुकट वाटलेल्या कोडवरही पेटंटचा दावा लागू शकतो का?

हो, लागू शकतो. तुम्ही म्हणता, कोड कुठून उचललेला नाही. कॉपीराइटमध्ये हा बचाव चालतो, पेटंटमध्ये नाही. ते पेटंट तुम्ही आयुष्यात पाहिलं नसलं तरी उल्लंघन ठरू शकतं.

लिनक्सवरचा फुकट डेस्कटॉप बनवणाऱ्या ग्नोमचंच घ्या. 2019 मध्ये रॉथ्सचाइल्ड पेटंट इमेजिंग या कंपनीनं ग्नोम फाउंडेशनला अमेरिकेत कोर्टात खेचलं. कशावरून, तर शॉटवेल, म्हणजे फोटो लावून ठेवायचं साधं अ‍ॅप! पेटंट होतं फोटो निवडून वायरलेसनं दुसऱ्या उपकरणाला पाठवण्याचं. (हे मंजूर कसं झालं, देव जाणे.) अशा कंपन्या स्वतः काही बनवत नाहीत. त्या मागतात ती रक्कम खटल्याच्या खर्चापेक्षा बरीच कमी असते, म्हणून समोरचा पैसे देऊन मोकळा होतो. पेटंट टिकाऊ आहे का, हे तपासायची वेळच येत नाही. खरा धोका मला इथे दिसतो.

ग्नोमनं पैसे दिले नाहीत. वर्गणी काढली, दीड लाख डॉलरच्या आसपास जमले, वकीलही फी न घेता उभे राहिले. मे 2020 मध्ये तडजोड झाली, तीही एक पैसा न देता. वर मान्यताप्राप्त ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला ठेवणाऱ्या) लायसन्सखालच्या कुठल्याही सॉफ्टवेअरवर आपली पेटंटं चालवणार नाही, असं कंपनीला लिहून द्यावं लागलं. पण ग्नोमला नाव होतं, मागे संस्था होती. दोघातिघांचा प्रकल्प नोटीस आली की गुपचूप ते फीचरच काढून टाकतो.

भारतात पेटंट कायद्याच्या कलम 3(के)नुसार निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट मिळत नाही. त्या ‘निव्वळ’वर वकिलांची पोटं भरतात, ते सोडा. पण पेटंट देशापुरतं असतं. तुमचा कोड अमेरिकेत वापरला गेला तर तिथला कायदा आडवा येतो.

मी स्वतः नवीन कामाला अपाची 2.0 हे ओपन सोर्स लायसन्स लावतो. त्यात कोड देणारा आपल्या पेटंटची परवानगीही देतो. एमआयटी या दुसऱ्या लायसन्समध्ये पेटंटचा उल्लेखच नाही. मात्र प्रकल्पाबाहेरच्या पेटंटवाल्याला दोन्ही लायसन्स बांधत नाहीत.

नोटीस आलीच तर गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या सार्वजनिक साइटवर, चर्चा उघडू नका. तिथे सहज लिहिलेलं वाक्य पुढे कोर्टात तुमच्याविरुद्ध वाचलं जाऊ शकतं. आधी पेटंटचं काम करणारा वकील गाठा.