मी हौस केली म्हणून कॅन्सर परत आला का?

मास्टेक्टॉमीनंतर, म्हणजे कॅन्सरमुळे ब्रेस्ट काढल्यावर, रिकन्स्ट्रक्शन म्हणजे ऑपरेशनने नवीन ब्रेस्ट करून घेतलेल्या बायका माझ्याकडे येतात तेव्हा हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या शब्दांत येतोच. नवीन ब्रेस्टमुळे कॅन्सर परत येतो का, आणि आला तर तिच्याखाली लपून राहतो का.

एका ताईंचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. पोटाचा फ्लॅप, म्हणजे तिथली कातडी आणि चरबी, घेऊन रिकन्स्ट्रक्शन झालेलं, त्याला तीन वर्षं झाली होती. व्रणाजवळ कातडीखाली मटारच्या दाण्याएवढं काहीतरी टणक हाताला लागलं आणि दीड महिना त्या कोणालाच बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "मॅडम, त्याच्याभोवती बॉलपेनने गोल काढून ठेवलाय, आंघोळीत पुसला की परत काढते, वाढतंय का बघायला." नवऱ्याला दिसू नये म्हणून कपडे बदलताना कडी लावायच्या. मग खाली बघत, "सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, जीव वाचला ना, मग ही हौस कशाला."

गाठीपेक्षा हे वाक्यच त्यांना जास्त सलत होतं, डॉक्टरकडे गेलं की ते खरं ठरणार असं वाटत होतं.

मी सांगितलं, ताई, रिकन्स्ट्रक्शनने कॅन्सर परत येत नाही. मास्टेक्टॉमीत जवळजवळ सगळा टिश्यू काढतात पण कातडीखाली थोडा राहतोच, एखादी पेशी तिथे मागे राहिलेली असू शकते, मग वर फ्लॅप असो, इम्प्लांट असो नाहीतर काहीच नसो. आणि अशा गाठी बहुतेक वेळा कातडीत किंवा लगेच खालीच येतात म्हणजे हाताला लागतात, तुमच्या लागली तशी. फ्लॅपमध्ये चरबीचा भाग मरून टणक होतो, फॅट नेक्रोसिस म्हणतात, तो कॅन्सर नसतो पण हाताला अगदी तसाच लागतो, म्हणून बोटांनी ठरवायचं नाही, सोनोग्राफी आणि बायोप्सीनेच ठरवायचं. हे मी सगळ्यांनाच कळकळीने सांगते, नवीन गाठ, कातडीवर लाल चट्टा, काखेत सूज, काहीही वाटलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन गेल्या. बायोप्सीत कॅन्सर निघाला. त्या संध्याकाळी फोनवर आम्ही दोघी बराच वेळ नुसत्याच होतो, अशा वेळी धीर धरा वगैरे मी म्हणत नाही.

मग स्कॅन झाले, दुसरीकडे कुठेच नव्हता. अशी जागच्या जागीच परत आलेली गाठ पूर्ण बरं करायच्या हिशोबानेच ट्रीट करतात. रिसेप्टर, म्हणजे कॅन्सरच्या पेशींवरच्या ज्या खुणांवरून औषध ठरतं ते, कधीकधी बदलतात म्हणून तेही परत तपासले, आधी रेडिएशन झालं नव्हतं त्यामुळे ऑपरेशननंतर ते देता येणार होतं. फ्लॅप पूर्ण काढायची गरज नाही असं सर्जन म्हणाले तेव्हा पहिल्यांदा त्या रडल्या.

ऑपरेशनच्या सकाळी मेसेज आला, "आज गोल डॉक्टरांनी काढला, मार्करने."