समाजकार्य करणाऱ्या २४ वर्षांच्या मुलीने ग्रामपंचायतीला उभं राहावं का? पैसा नाही, भावकीही लहान

तुम्ही लिहिलंय की गेली काही वर्षं गावातल्या लोकांचे निराधारचे, रेशनकार्डाचे, रोजगार हमीचे अर्ज भरून देता, पाण्यासाठी बायकांचा मोर्चा नेलात, आता एक पॅनेल उमेदवारी द्यायला तयार आहे आणि घरचे म्हणतात यात पडू नको. माझं उत्तर सरळ आहे: उभ्या राहा. पण पॅनेलकडून की स्वतंत्र, हे घाईत ठरवू नका. मी साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत दोन वेळा निवडून आले आहे. पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा बचत गटाची कामं करणारी बाई एवढीच माझी ओळख होती.

उभं का राहायचं ते आधी सांगते, कारण घरच्यांना समजवायला तेच लागेल. बाहेरून काम करणाऱ्याला निर्णय होऊन गेल्यावर कळतो. नळाची लाइन कुठल्या आळीतून जाणार, गटार कुणाच्या दारापर्यंत येऊन थांबणार, हे मासिक सभेत ठरतं. तिथे ठरावाला सूचक लागतो, अनुमोदक लागतो, इतिवृत्त लिहिलं जातं. तुम्ही माहिती अधिकारात अर्ज टाकून ३० दिवस वाट बघता, तोवर बिल निघून गेलेलं असतं. सदस्य झालात की तेच दप्तर समोर उघडून मागता येतं आणि विरोध असेल तर तो इतिवृत्तात नावानिशी नोंदवायला लावता येतो. आमच्याकडे एका सिमेंट रस्त्याचं बिल काम अर्धवट असतानाच मंजुरीला आलं होतं. मी एकटीने विरोध नोंदवला, पुन्हा मोजमाप झालं आणि राहिलेला तुकडा पूर्ण झाल्यावरच पैसे गेले. मोर्चा काढून हे झालं नसतं.

तुमचा मोर्चा पाण्याचा होता ना? पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ पासूनच्या पाच वर्षांत ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून ठेवला होता. तुमच्या गावाला त्यातले किती आले, कुठे लागले, हे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचं नाव टाकून बघा. गावाच्या विकास आराखड्यात तुमची वस्ती होती का, तेही बघा. प्रचारात याहून मोठा मुद्दा शोधायची गरज नाही. आणि हा आराखडा ग्रामसभेपुढे येतो तेव्हा तिथे किती जण हजर असतात, हे तुम्ही पाहिलं असेलच.

आता मतांचं. ज्यांचे अर्ज तुम्ही भरून दिलेत, त्यांतले बरेच जण तुम्हाला मत देणार नाहीत. त्यांना कृतघ्न समजू नका. महिन्याला निराधारच्या दीड हजारावर जगणारी बाई ज्याच्या रानात खुरपायला जाते, ज्याच्या दुकानात तिची उधारी आहे, त्याच्या पॅनेलला नाही म्हणणं तिला परवडत नाही. तुम्ही तिचं काम केलंत ते तिचा हक्क होता म्हणून केलंत, त्याची परतफेड मतात मागायची नसते. मत वेगळं मागावं लागतं, दारात जाऊन, तोंडाने म्हणावं लागतं की मला मत द्या. चांगलं काम करणारी तरुण मुलं इथेच मागे पडतात. लोकांना माहीत आहे माझं काम, असं म्हणून ती घरी बसतात.

मत मागताना मतदानाची रीत नीट समजावून सांगा. एका प्रभागात बहुधा दोन-तीन जागा असतात, मतदाराला तेवढी मतं असतात आणि थेट सरपंचाची निवडणूक असेल तर आणखी एक. पॅनेलवाले सांगतात, 'पॅनेल टू पॅनेल' मारा, म्हणजे सगळी मतं एकाच पॅनेलला द्या. तुम्ही म्हणा, या एका जागेचं मत मला द्या, बाकीची तुमच्या मनाने द्या. खुरपायला जाणाऱ्या त्या बाईला यातून वाट मिळते. मतदारयादी हातात घेऊन घरनिहाय बसा. गावची शे-दोनशे नावं पुण्या-मुंबईत असतात, त्यांना आणायला पॅनेलं गाड्या पाठवतात. तुम्हाला गाडी परवडणार नाही, पण फोन परवडतो. निदान प्रत्येकाशी एकदा बोला. लहान प्रभागात निकाल पाच-दहा मतांवर लागतो आणि मतं समान पडली तर चिठ्ठी काढतात. त्यामुळे लहान भावकीचं एवढं भय धरू नका.

पॅनेलने तुम्हाला का बोलावलं, याचा विचार करा. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. प्रत्येक पॅनेलला त्या भरायच्या असतात आणि त्यात एखादं तरी स्वच्छ नाव हवं असतं. यात वाईट काही नाही, पण तुम्हाला बोलावण्यात त्यांचीही गरज आहे, एवढं ओळखून बोला. पॅनेलप्रमुखाला पारावर नाही, घरी चार माणसांसमोर विचारा: खर्च कोण करणार, आणि नंतर तो कशाच्या रूपात मागणार? उपसरपंच निवडताना माझं मत माझं राहील का? पद सव्वा-सव्वा वर्षं वाटून घ्यायचं म्हणून राजीनाम्यावर आधीच सही घेणार का? शेवटच्या प्रश्नाला हो आलं तर चहा पिऊन उठा. आधीच सही केलेल्या राजीनाम्यासह निवडून येण्यापेक्षा हरलेलं बरं, असं माझं पक्कं मत आहे.

पण निव्वळ एकटीने उभं राहूनही पुरत नाही. नऊ जणांत तुम्ही एकट्या असाल तर विरोध नोंदवता येतो, ठराव मंजूर करून घेता येत नाही. अनुमोदकसुद्धा मिळत नाही. म्हणून मोर्चात पुढे असलेल्या बायकांपैकी आणखी दोघी-तिघी उभ्या करा. वेगवेगळ्या प्रभागांतून, वेगवेगळ्या समाजाच्या. असं कधी झालं नाही, असं कुणी म्हणेल तर सांगा की १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटीखेड्याला शेतकरी संघटनेच्या बायकांनी सगळीच्या सगळी ग्रामपंचायत जिंकली होती. तेव्हा आजच्यासारखं निम्म्या जागांचं आरक्षणही नव्हतं.

सरपंचपदाचा मोह पहिल्या वेळी नको. थेट सरपंच निवडायची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली, २०२२ मध्ये परत आली. त्यात अख्खं गाव फिरावं लागतं आणि पैशाचा जोर तिथेच सगळ्यात जास्त लागतो. पाच वर्षं सदस्य म्हणून दप्तर शिका, मग बघा.

अर्ज माघारीच्या आदल्या रात्री कुणीतरी येऊन म्हणेल, गावाची एकी राहू दे, बिनविरोध करू. आदर्श गाव म्हणून गाजलेल्या हिवरे बाजारचं उदाहरण देतील. ते गाव घडवणाऱ्या पोपटराव पवारांच्या मागे गाव तीस वर्षं बिनविरोध उभं राहिलं, ते कामामुळे. आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथेही निवडणूक झाली, पवार पॅनेलसह निवडून आले, गावाची एकी काही मोडली नाही. त्याच जानेवारीत नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी इथे पदांचा लिलाव झाला म्हणून राज्य निवडणूक आयोगाला निवडणूकच रद्द करावी लागली. उमराण्यात देवळाच्या नावाने दोन कोटींच्या वर बोली गेल्याच्या बातम्या होत्या. त्याही बोलीला एकीच म्हणत होते. तुमच्याकडे बिनविरोधचा विषय निघाला तर एवढंच विचारा की हे कुठल्या ग्रामसभेत ठरलं. उघड ठरलेलं नसेल तर अर्ज मागे घेऊ नका.

तुम्ही प्रश्नात लिहिलं नाही, पण प्रचारात सगळ्यात जास्त ऐकावं लागेल ते हे: "पोरगी उद्या लग्न होऊन जाईल, मग आमचं कोण?" हे विरोधकच नाही, तुमच्यावर माया करणाऱ्या आज्यासुद्धा विचारतील. चिडू नका. आधी स्वतःशी आणि आईवडिलांशी हे बोलून घ्या. सलग सहा महिने परवानगीशिवाय सभांना गैरहजर राहिलं तर सदस्यत्व जातं, तेव्हा लांब सासर मिळालं तर हा खराच प्रश्न आहे. पाच वर्षं इथेच राहणार असं ठरत असेल, तर दारोदार ते स्पष्ट शब्दांत सांगा आणि आईला सोबत घेऊन सांगा. तुमच्या चारित्र्याबद्दल कुजबुज झाली तर उत्तर द्यायला एकट्या जाऊ नका, त्या मोर्चातल्या बायका जाऊ देत. आमच्याकडे एका मुलीच्या बाबतीत असं झालं तेव्हा तिच्या आळीतल्या पंधरा-वीस बायका सरळ बोलणाऱ्याच्या दारात जाऊन बसल्या. नंतर तो विषय बंद झाला.

कागदपत्रांत मात्र आजपासून लक्ष घाला, कारण गरीब घरचा उमेदवार छाननीतच जास्त बाद होतो. वय २१ पूर्ण हवं, नाव गावच्या मतदारयादीत हवं. १ जानेवारी १९९५ नंतरचा जन्म असेल तर सातवी पास असल्याचा दाखला लागतो. घरपट्टी-पाणीपट्टी भरून पावती ठेवा, घराचा एखादा ओटा सरकारी जागेत गेला असेल तर आधीच बघा, घरात शौचालय असल्याचा आणि ते वापरत असल्याचा पुरावा तयार ठेवा. राखीव जागेवर उभ्या राहणार असाल तर जात पडताळणीचा अर्ज आताच टाका, मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर निवडून आलेलं पदही जातं. खर्चासाठी वेगळं बँक खातं काढा, चहाच्या बिलापासून सगळ्याची नोंद ठेवा. निकालानंतर ३० दिवसांच्या आत तो हिशेब द्यायचा असतो, हरलेल्यांनीही. पडलो, आता कशाला, म्हणून तो न देणाऱ्यांना पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं, आणि मग पुढच्या वेळी अर्जच भरता येत नाही.