शपिरोंना घेतलं असतं तर?

तुमचे प्रश्न दोन. २०२४ मध्ये कमला हॅरिस यांनी पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शपिरो यांना सोडून मिनेसोटाच्या टिम वॉल्झ यांना उपाध्यक्षपदासाठी का निवडलं? आणि शपिरो असते तर निकाल फिरला असता का?

दुसऱ्याचं उत्तर आकड्यांतच आहे. अमेरिकेत अध्यक्ष ठरतो इलेक्टोरल मतांनी, म्हणजे राज्यागणिक वाटून दिलेल्या मतांनी, आणि बहुतेक ठिकाणी राज्य जिंकणाऱ्याला तिथली सगळी मिळतात. हॅरिसना अशी २२६ मिळाली. त्यात पेनसिल्व्हेनियाची १९ घातली तरी २४५ होतात, आणि लागतात २७०. ते राज्य त्या सुमारे एक लाख वीस हजार मतांनी हरल्या. तेवढी मतं शपिरोंनी खेचून आणली असती की नाही यावर वाद घालता येईल, पण अध्यक्षपद त्यामुळे मिळालं नसतं.

जोडीदार आपलं राज्य घेऊन येतो ही समजूत पक्की झाली ती १९६० पासून. मॅसॅच्युसेट्सच्या केनेडींनी टेक्सासच्या लिंडन जॉन्सनना बरोबर घेतलं आणि टेक्सास थोडक्यात जिंकलं. जॉन्सनशिवाय ते कठीणच होतं. पण १९८८ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार डुकाकिसनी तोच डाव खेळून टेक्सासचे सिनेटर लॉइड बेन्टसन यांना घेतलं, तेव्हा काय झालं पाहा. बेन्टसन त्याच दिवशी सिनेटच्या जागेसाठीही उभे होते. टेक्सासच्या मतदारांनी त्यांना सिनेटवर मोठ्या फरकाने परत पाठवलं आणि अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन थोरल्या बुशना मत दिलं. २०१२ मध्ये रिपब्लिकन उपाध्यक्षपदाचे उमेदवार, विस्कॉन्सिनचे पॉल रायन यांचंही तसंच झालं: प्रतिनिधिगृहातली स्वतःची जागा राखली, राज्य मात्र ओबामांकडे गेलं. माणूस आवडतो म्हणून लोक त्याच्या वरच्या नावाला मत देत नाहीत. मत अध्यक्षाला असतं.

मग निवडताना पाहायचं काय? माझ्या मते एकच गोष्ट सर्वांत आधी: उद्या सकाळी याच्या हातात देश सोपवता येईल का? आजवर नऊ उपाध्यक्षांना मध्येच अध्यक्ष व्हावं लागलं, आठ जणांना मृत्यूमुळे आणि फोर्डना निक्सनच्या राजीनाम्यामुळे. आपल्याकडे झाकिर हुसेन १९६९ मध्ये पदावर असताना वारले तेव्हा उपराष्ट्रपती गिरींनी तात्पुरता कार्यभार घेतला आणि काही महिन्यांत निवडणूक झाली. अमेरिकेत तशी पोटनिवडणूक नाही, उरलेली सगळी मुदत उपाध्यक्षच पुरी करतो.

याची सर्वांत जबर किंमत १८६५ नंतर मोजावी लागली. आदल्या वर्षी लिंकन यांच्या पक्षाला यादवी युद्धाला पाठिंबा देणारे डेमोक्रॅट मतदार हवे होते, म्हणून विद्यमान उपाध्यक्ष हॅमलिन यांना बाजूला करून टेनेसीचे अँड्र्यू जॉन्सन यांना तिकीट दिलं. दुसऱ्या शपथविधीनंतर सहा आठवड्यांत लिंकनची हत्या झाली. नुकत्याच गुलामगिरीतून सुटलेल्या लाखो माणसांचं भवितव्य अशा माणसाच्या हाती गेलं, ज्याने १८६६ चा नागरी हक्क कायदा व्हेटोने, म्हणजे नकाराधिकाराने, अडवला. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, तो व्हेटो उलटवला, पुढे महाभियोगही चालवला, त्यात जॉन्सन एका मताने वाचले. दक्षिणेत गेलेली ती वर्षं मात्र परत आली नाहीत. हे वाचताना मला आजही राग येतो, कारण त्यांची निवड फक्त मतांच्या हिशेबाने झाली होती.

१९४४ चं उदाहरण तुलनेने सुदैवी. रूझवेल्टची तब्येत ढासळली आहे हे पक्षातल्या बड्या नेत्यांना दिसत होतं, म्हणून तेव्हाचे उपाध्यक्ष वॉलेस यांच्या जागी कोण यावर शिकागोच्या अधिवेशनात एवढी रस्सीखेच झाली. तरीही निवडून आलेल्या ट्रूमनना कारभारापासून दूरच ठेवलं गेलं. अध्यक्ष झाल्यावर जवळजवळ दोन आठवड्यांनी, २५ एप्रिल १९४५ रोजी त्यांना अणुबॉम्बची सविस्तर माहिती मिळाली.

ही पद्धत मोडली कार्टरनी. १९७६ मध्ये त्यांनी इच्छुकांना आपल्या प्लेन्स गावी बोलावून निवांत बोलून घेतलं आणि मॉन्डेलना निवडलं. नंतर त्यांना व्हाइट हाउसच्या वेस्ट विंगमध्ये, अध्यक्षांच्या कार्यालयाजवळच, खोली दिली आणि गुप्त अहवालही दाखवले. त्याआधी १९७२ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार मॅकगव्हर्ननी घाईत सिनेटर ईगलटनना जोडीला घेतलं होतं. त्यांनी नैराश्यावर विजेच्या झटक्यांचे उपचार घेतले होते हे नंतर बाहेर आलं आणि अठराव्या दिवशी त्यांना उमेदवारी सोडावी लागली. आजाराला मी दोष देत नाही. दोष न विचारण्याचा होता. तेव्हापासून वकिलांची फौज करविवरण, जुनी भाषणं, प्रकृती, कुटुंबाचे व्यवहार सगळं खणून काढते.

आता तुमचा पहिला प्रश्न. बायडन यांनी २१ जुलैला माघार घेतली आणि वॉल्झ यांचं नाव ६ ऑगस्टला जाहीर झालं, म्हणजे जेमतेम सोळा दिवस. शेवटच्या फेरीत शपिरो, वॉल्झ आणि ॲरिझोनाचे मार्क केली अशा तिघांच्या मुलाखती हॅरिसनी स्वतः घेतल्या आणि ज्यांच्याशी सूर जुळला त्यांना घेतलं. हा निकष मला उथळ वाटत नाही, चार वर्षं एकत्र काम करायचं असतं. वॉल्झ दोनदा गव्हर्नर झालेले, त्याआधी बारा वर्षं काँग्रेसमध्ये. कारभार सोपवायच्या कसोटीवर तिघेही उतरत होते, म्हणून त्या निवडीला मी चूक म्हणणार नाही.

२०२८ ला दोन्ही पक्षांना नवी जोडी शोधायची आहे. नाव जाहीर झालं की त्याचं राज्य नकाशावर शोधण्याआधी त्याने आजवर काय काय चालवलंय ते वाचा, आणि छाननीला किती आठवडे दिले होते तेही बघा.