बसचा तो तोटा, रस्त्याचा तो विकास, असं का?

प्रश्न : मी मानखुर्दला राहते, चार घरची कामं करते. जाऊन येऊन दिवसाला चार बस होतात. मे 2025 मध्ये बसचं कमीत कमी भाडं 5 चं 10 झालं, म्हणजे रोजचे वीस रुपये वाढले. कारण काय तर म्हणे पैसे नाहीत. मग कोस्टल रोडला एवढे हजारो कोटी कुठून आले? कशाला आधी पैसे द्यायचे हे ठरवतं कोण?
— एक वाचक, मानखुर्द

उत्तर : ताई, तुमचा हिशोब बरोबर आहे आणि प्रश्न तर त्याहून बरोबर आहे. आपल्याला वाटतं सरकारची एक मोठी तिजोरी असते आणि कोणीतरी बसून ठरवतं की एवढे रस्त्याला, एवढे बसला, एवढे घरांना. तसं नसतं हो. बऱ्याचशा पैशांवर आधीच नाव लिहिलेलं असतं. मेट्रो 3 चे 37 हजार कोटी घ्या, त्यात मोठा वाटा जपानच्या जायका या सरकारी संस्थेच्या कर्जाचा आहे, ते कर्ज मेट्रोसाठीच मिळालंय, त्यातून बसच्या ड्रायव्हरचा पगार देता येत नाही. लोकलच्या सुधारणेचे पैसे रेल्वे आणि राज्य मिळून देतात. कोस्टल रोड मात्र मुंबई महापालिकेने स्वतःच्या पैशातून केला, साडेदहा किलोमीटर, जवळपास 14 हजार कोटी, आणि तुमची बस चालवणाऱ्या बेस्टला अनुदान देणारी पण हीच महापालिका, म्हणून तुमची तुलना अगदी योग्य जागी आहे.

आता खरी मेख सांगतो. हिशोबात दोन रकाने असतात, भांडवली खर्च आणि महसुली म्हणजे चालू खर्च. रस्ता, पूल, बोगदा हे भांडवली, म्हणजे काहीतरी उभं राहिलं, मालमत्ता झाली. बस रोज चालवणं, डिझेल, पगार, हे महसुली, म्हणजे खर्च झाला आणि संपला. 2025-26 चं महापालिकेचं बजेट 74,427 कोटींचं होतं, त्यात भांडवली 43 हजार कोटींच्या वर, आणि बेस्टला 1,000 कोटी. त्यात परत बऱ्याचशा नव्या बस भाडेतत्त्वावर घेतल्या, किलोमीटरमागे कंत्राटदाराला पैसे द्यायचे, म्हणजे पूर्वी बस तरी आपली मालमत्ता असायची, आता तीही चालू खर्चात गेली. आणि पूर्वी बेस्टच्या वीज विभागाच्या पैशातून बसचा तोटा भरून निघायचा, वीज नियमांमुळे तेही बंद झालं.

मला याचा मनापासून राग येतो तो इथे. कोस्टल रोडला टोल नाही, तिथून धावणारी गाडी एक रुपया देत नाही, तरी त्याला कोणी तोट्यातला रस्ता म्हणत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या पाचही टोलनाक्यांवर कारना टोल माफ झाला आणि सात महिन्यांत बसचं कमीत कमी भाडं दुप्पट झालं. कारवाल्याला दिलेली ती सवलत, बसवाल्याला दिलेला तो तोटा. रस्ते नकोत असं मी म्हणत नाहीये, बसही रस्त्यावरूनच जाते, पण मोजायची पट्टी दोघांना एकच लावा ना.

आणि ठरवतं कोण म्हणाल तर मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षं मुंबईत नगरसेवकच नव्हते, सरकारने नेमलेले प्रशासकच सगळं ठरवत होते. म्हणजे बजेटवर सभागृहात उभं राहून माझ्या वॉर्डातल्या बसचं काय असं विचारायला तुमचा निवडून दिलेला माणूसच नव्हता.

प्रश्न : मग घरांना सरकार किती देतं? झोपडीवाल्यांना घर फुकट मिळतं ते कोणाच्या पैशातून?
— एक वाचक, घाटकोपर

उत्तर : दादा, एसआरए म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत सरकार सहसा रोख पैसे घालतच नाही, जास्तीचा एफएसआय देतं, म्हणजे त्याच जागेवर जास्त बांधकाम करायची परवानगी. बिल्डरने झोपडीवाल्यांना फुकट घर बांधून द्यायचं, बदल्यात जास्तीचं बांधकाम बाजारात विकायचं. त्यामुळे जिथे फ्लॅट महाग विकला जातो तिथे योजना पळते आणि जिथे भाव नाही तिथे रखडते, गरज कुठे जास्त आहे हा प्रश्नच येत नाही. पंतप्रधान आवासमध्ये रोख आहे, परवडणाऱ्या घराच्या प्रकल्पात घरामागे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, पण अडीच लाखात मुंबईत काय होतं ते तुम्हीच सांगा.

याचा धागा वरच्या ताईंपर्यंत जातो. रेल्वेच्या कामांसाठी रुळांकडेच्या झोपड्या हलवल्या तेव्हा हजारो कुटुंबं मानखुर्द-गोवंडीकडच्या इमारतींमध्ये गेली. घर मिळालं पण काम राहिलं दादर-माटुंग्याला. घर देणारं खातं वेगळं, बस देणारं वेगळं, आणि मधलं भाडं त्या कुटुंबाने भरायचं.

दरवर्षी साधारण फेब्रुवारीत महापालिकेचं बजेट येतं, वेबसाइटवर मराठीतही असतं. त्यात बेस्टच्या अनुदानाचा आकडा शोधा आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीत आलेल्या तुमच्या नगरसेवकाला तो दाखवून विचारा की आपल्या डेपोतून सकाळी सहा ते नऊ किती बस सुटतात आणि पाच वर्षांपूर्वी किती सुटायच्या. उत्तर लेखी मागा. मिळालं तर आम्हालाही पाठवा, पुढच्या अंकात छापू.